दुसरा कुकर

सोमवार, ६ जानेवारी

नव्या वर्षाची डायरी इतके दिवस कोरी ठेवली होती. म्हटलं, काहीतरी चांगलं घडलं की सुरुवात करू. आणि आज सुरुवात कशाने करतेय? मटणाने! शी, शी, शी!

दुपारी वरणभात मिक्सरमधून काढून, गाळून, वर तूप घालून आणला. चमचा पुढे केला तर ह्यांनी तो हाताने अडवला आणि म्हणाले, "मला मटण खावंसं वाटतंय."

हे कोण म्हणतंय? मधुकर आपटे. माझा नवरा. केकमध्ये अंडं आहे असं कळल्यावर भाच्याच्या वाढदिवसाला बशी तशीच टेबलावर ठेवून आलेला माणूस. रेडिएशनची तेहतीस सिटिंग झालीत, घसा आतून भाजून निघालाय, आवाज म्हणजे नुसती हवा. पाणी मागितलं तरी मला दोनदा विचारावं लागतं. पण "मटण" कसं स्पष्ट आलं!

म्हटलं, "तुम्ही कधी खाल्लंत?"

"धोंडूच्या डब्यातलं. दर बुधवारी."

धोंडू परब ह्यांच्या ऑफिसात डिस्पॅचला होता. टेबलाला टेबल लागून एकोणतीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी गेला बिचारा. आता बिचारा म्हणायचं की नाही तेही कळत नाही. "आणि माझा डबा?" विचारलं, तर म्हणे, "तो धोंडू खायचा."

एकोणतीस वर्षं बुधवारी पहाटे उठून मी डबा केला. पडवळ, फणस, अळूचं फदफदं. आणि हा माणूस तिकडे बोकड चघळत होता. संध्याकाळी घरी येऊन त्याच तोंडाने माझ्याशी बोलत होता. ईऽऽ! मला अंगभर काहीतरी चढल्यासारखं झालं, उठून साबणाने हात धुतले.

आज वजन अठ्ठेचाळीस किलो. आजारापूर्वी सदुसष्ट होतं. डॉक्टरांनी बजावलंय की शेहेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल. हे त्यांच्यासमोर "बघू" म्हणाले, पण रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत माझा हात सोडला नाही. थोरल्या दिरांना नळी लागली होती. दोन महिने नळीसकट पडून होते आणि तसेच गेले. ते ह्यांनी रोज जाऊन बघितलंय.

दोन किलो. एवढंच अंतर आहे मधे.

मंगळवार, ७ जानेवारी

इरावतीला टोरांटोला फोन लावला. पोटची पोरगी, म्हटलं आपल्या बाजूने बोलेल. ती फोनमध्ये किंचाळली, "बाबा? मटण? झकास! अगं आई, कर ना, यात काय एवढं! त्यांना प्रोटीन हवंच आहे."

वर एक व्हिडिओ पाठवला. पॉट रोस्ट. एक दाढीवाला गोरा माणूस मांसाचा हा एवढा गोळा घेतो, थोपटतो (थोपटतो!), चारही बाजूंनी तांबूस करतो, कांदा, गाजर, बटाटा टाकून प्रेशर कुकरचं झाकण लावतो. मग काट्याने नुसतं टोचलं की त्याचे धागे धागे सुटतात. बघताना मी चहा घेत होते. तो ओतून दिला.

इरावती म्हणते, मसाला नाही, तिखट नाही, घशाला काही लागणार नाही. बोकडाच्या खांद्याचा तुकडा घे, आपल्या कुकरमध्ये होईल.

आपल्या कुकरमध्ये! माझ्या कुकरमध्ये होळीचं पुरण शिजतं, गौरींचा नैवेद्य शिजतो. संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून दुसरा कुकर आणला. तीन लिटरचा. त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलाय. चाकू वेगळा, चमचा वेगळा, वाटी वेगळी. शेगडी बाल्कनीत. स्वयंपाकघराचा उंबरा ते प्रकरण ओलांडणार नाही.

आणि वार पाळणार. फक्त बुधवार, शुक्रवार, रविवार. खाणारी माणसं वार पाळतात, मग आपण का सोडायचे?

रात्रीचं दूध देताना ह्यांना सांगितलं, "करते उद्या." ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आनंदाने माणूस गांगरतो, तसे गांगरले. "करतेस? तू?" दोनदा विचारलं. म्हटलं, "करते. पण माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा नको."

बुधवार, ८ जानेवारी

गणित शिकवण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. वर्गात पोरांनी बेडूक सोडला तेव्हासुद्धा मी खुर्चीवर चढले नव्हते. आज मटणाच्या दुकानासमोर दोन चकरा मारून तिसऱ्यांदा आत शिरले. नाकाला पदर. फरशी ओली, कशाने ओली ते बघितलं नाही. त्या माणसाने विचारलं, "काय देऊ मावशी?" मी स्वतःच्या खांद्याला बोट लावून दाखवलं. तो हसला. हाडं काढून दिलं, काळ्या पिशवीत. पिशवी कोमट होती. कोमट! घरापर्यंत ती अंगापासून लांब धरून आले, हात भरून आला.

धुताना डोळे मिटले होते. हाताला गार, बुळबुळीत, मधेच एक पांढरी चामडीसारखी पट्टी. दोनदा बेसिनपर्यंत जाऊन आले.

तुरीच्या डाळीला तीन शिट्ट्या लागतात. मांसाला एक जास्त धरली, चार. शिट्ट्या झाल्यावर घाई होती म्हणून चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढली. बाल्कनीभर तो वास! केसांत बसला. उघडून बघते तर चप्पल. काट्याने टोचलं तर काटाच घसरला.

ह्यांनी वाटीत बघितलं आणि म्हणाले, "कडक झालंय गं. राहू दे. तुला नाही जमायचं ते."

नाही जमायचं! मला!

शुक्रवार, १० जानेवारी

धोंडूच्या बायकोला फोन केला. जानकीबाई. भांडुपला मुलाकडे असतात. बोलावं असं मनात मुळीच नव्हतं, पण चामडं शिजवून किती दिवस काढणार? त्या दुपारी लगेच आल्या, सोबत ओल्या नारळाची वडी. माणूस वाईट नाही.

बाल्कनीत पाट टाकून बसल्या आणि माझी कहाणी ऐकून कपाळाला हात लावला. "वहिनी, तुम्ही शिट्ट्या मोजताय? शाळा हा काय ही? अवो, डाळ नाय ती. आधी मीठ, हळद, आलं लावून तासभर ठेवा. मग थोड्या तेलावर सगळ्या अंगांनी लाल करा, घाई नाय करायची. अर्धी वाटी पाणी, जास्ती नको, त्याचं त्याला सुटतं. एक शिट्टी झाली की आच बारीक. आणि मग चाळीस मिनिटं तिथनं उठून जावा."

"आणि वाफ?"

"वाफेला हात लावायचा नाय. तिची ती जिरू दे. तुम्ही ओढून काढलीत की मांस आखडतं. माणसासारखंच असतं ते."

केलं तसं. झाकण उघडलं तेव्हा मी लांब उभी होते. त्यांनी चमचा नुसता टेकवला आणि तुकडा आपोआप दोन झाला. "बघा!" म्हणाल्या. बघितलं. नाकाला पदर होता, पण जमलं हेही खरं.

मग सहज बोलावं तसं म्हटलं, "तुमच्या हातचं दर बुधवारी खायचे म्हणे आमचे हे."

जानकीबाईंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, "साहेब? छे हो वहिनी. तुमच्या अळवातलं वाटीभर हे काढून घ्यायचे, ता खरा. पण आमचा डबा उघडला की साहेब उठून गॅलरीत जायचे. हे घरी येऊन हसायचे, म्हणायचे, माझ्या मटणाने आपटेसाहेबाला आज पण उन्हात उभा केला."

काय हे पाठीशी घालणं! एकोणतीस वर्षं खाऊ घातलं आणि आता माझ्यासमोर साळसूदपणा. नवऱ्याने सांगितलं नसेल म्हणावं, तर तेही नाही, गॅलरी काय नि ऊन काय, गोष्टच रचली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "जानकीबाई, ह्यांनी स्वतः कबूल केलंय. आता लपवून काय उपयोग?"

त्या पाटावरून उठल्या. "तुमका एवढी किळस येता, तर मी डबा धाडते ना," म्हणाल्या. मी म्हटलं, "नको. खूप धाडलेत." चहा न घेता गेल्या. गेल्या तर गेल्या.

रविवार, १२ जानेवारी

वाटी रिकामी! पूर्ण रिकामी, एक तुकडा उरलेला नाही.

दुपारी वाटी घेऊन गेले तर म्हणाले, "तू बाहेर बस. तुझं तोंड बघून मला घास जायचा नाही." खरंच आहे, माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं असणार. दार ओढून बाहेर बसले. पाच मिनिटांत हाक. वाटीत फक्त रस.

"मीठ बरोबर होतं?"

"अगदी बरोबर."

मी चव बघत नाही. कशाचीच बघितलेली नाही आजवर. नैवेद्य आधी चाखायचा नसतो म्हणून आईने लहानपणापासून अंदाजाची सवय लावली, हात कधी चुकला नाही. पण आमटीचा अंदाज निराळा आणि ह्या घाणीचा निराळा. म्हणून विचारलं.

वाटी घासताना तिला चिकटलेला एक धागा बोटाला लागला. अर्धा तास तेच बोट धूत होते. पण वाटी रिकामी होती.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. गुळाची पोळी दुधात कुस्करून, गाळून दिली. चार चमचे. त्या चार चमच्यांना एक तास लागला. प्रत्येक घोटाला डोळ्यांत पाणी, ठसका, मान मागे टाकून गिळणं. मी म्हटलं, "राहू दे हो." तर माझ्या हातातून चमचा घेऊन उरलेलं संपवलं. नंतर अर्धा तास खोकत होते.

मला रागच आला. खरं लिहायचं तर अपमान वाटला. अडतीस संक्रांती पोळ्या लाटल्या, त्या पोळीला एक तास. आणि बोकडाला पाच मिनिटं!

बुधवार, १५ जानेवारी

आज गाजर-बटाट्याबरोबर चमचाभर लोणीही घातलं, पचायला हलकं पडावं म्हणून. मांस असं मऊ झालं होतं की वाटीत काढताना पसरलं. बघवत नाही ते. शिजलेल्या मांसाचा रंग काय असतो, कोणी बघून लिहिलाय का कुठे? करडाही नाही, तपकिरीही नाही. आजारी रंग.

सहा मिनिटांत वाटी रिकामी. "छान झालंय. मीठ बरोबर."

संध्याकाळी बाल्कनी आवरताना मिठाची पुडी दिसली. न फोडलेली. जुनी रविवारी संपली होती, ही नवी मी सकाळी काढून ठेवली आणि घालायला साफ विसरले.

म्हणजे ह्यांची जीभ पार मेलीय. डॉक्टर म्हणालेच होते, चव जाईल. वाईट वाटलं. ज्या चवीसाठी एवढा अट्टहास, ती लागतच नसेल तर काय मिळतं ह्यांना त्यातून?

शनिवार, १८ जानेवारी

काल संकष्टी म्हणून केलं नाही. आज वजन केलं, सत्तेचाळीसला जरा कमीच. काटा बिघडलाय. आत्तापर्यंत तीनदा केलं, पाव किलो मांस पोटात जातंय एकेका वेळी, आणि वजन खाली? मी स्वतः काट्यावर उभी राहिले. माझं नेहमीएवढंच भरलं. मग ह्या काट्याला माझ्याच वजनाची सवय झाली असेल, काय सांगावं.

आणि एक शिसारी. खालच्या छज्ज्यावर एक तपकिरी बोका येऊन बसायला लागलाय. बरोबर एक वाजता. आमच्या बेडरूमच्या खिडकीकडे तोंड करून, आशाळभूतासारखा. आधी हडकुळा होता, आता पोट लोंबतंय. पहिल्या मजल्यावरची पोरं त्याला काहीतरी घालत असणार. वरून तांब्याभर पाणी ओतलं. हे म्हणाले, "असू दे गं, बिचारा." ह्यांना आता सगळ्यांचाच पुळका.

रविवार, १९ जानेवारी

आलं, धण्याची पूड, चिमूटभर मिरी. आधी सगळ्या बाजूंनी लाल केलं, अगदी कडा धरून उभं करूनसुद्धा. आता मला त्याच्या आवाजावरून कळतं, चर्र थांबून बारीक तडतड सुरू झाली की पलटायचं. हे ज्ञान मला आहे याचीच मला लाज वाटते. इरावती फोनवर म्हणाली, "आई, तू एक्सपर्ट झालीस!" फोन ठेवला.

दुकानदार आता विचारत नाही, मला बघितलं की खांदाच काढतो. आज म्हणाला, "मावशी, घरी लई आवडतं वाटतं." मी हो म्हटलं. बाजारात मान वर करून हो म्हटलं मी.

वाटी रिकामी. हे थकल्यासारखे दिसतात. घासाचा त्रास नाही, मग थकवा कसला?

बुधवार, २२ जानेवारी

आज माझ्या हातून जे झालं ते लिहायलाही जिवावर येतंय.

दुपारी दोनच्या सुमारास खालच्या मजल्यावरची दीप्ती आली. लग्न होऊन दोनच वर्षं झालीत, सहा महिन्यांची मुलगी आहे. हातात प्लास्टिकची पिशवी. अवघडून म्हणाली, "काकू, राग मानू नका. आमच्या छज्ज्यावर दिवसाआड मटणाचे तुकडे पडतात. तो बोका ओढून खिडकीत आणतो. आज बाळाच्या वाळत घातलेल्या दुपट्यावर पडलं. वरून येतंय, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं."

पिशवीत पिवळट झालेलं दुपटं आणि त्यावर तुकडे.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आपट्यांच्या घरात मटण? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आमच्या सात पिढ्यांत कांदा-लसूण चातुर्मासात शिवत नाहीत! वरच्या मजल्यावर जाऊन विचार!"

बिचारीचा चेहरा पडला. "सॉरी काकू" म्हणून गेली. माझ्यामागे, बाल्कनीत, लाल दोऱ्याचा कुकर अजून कोमट होता.

माझी मलाच इतकी किळस आली की आरशात बघवेना. मुलांना तेहतीस वर्षं सांगितलं, उत्तर चुकलं तर चालेल, खोटं उत्तर लिहू नका.

आणि त्या पिशवीत गाजर होतं. चौकोनी चिरलेलं गाजर. मटणात गाजर घालणारी या बिल्डिंगमध्ये मी सोडून कोण असणार?

मी उरलंसुरलं ओल्या कचऱ्यात टाकते, कावळ्याने पिशवी फोडली असेल. तसंच असेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळी वजन. पंचेचाळीस किलो आठशे. काट्यात नवे सेल घातले होते.

तरी मी केलं. आजच्यासारखं कधीच झालं नव्हतं. एक शिट्टी, बारीक आच, चाळीस मिनिटं, वाफ आपली आपण जिरली. झाकण काढलं तर तुकडा तसाच्या तसा, चमच्याने नुसतं हलवलं की सुटत होता, दात नसलेल्यालाही जाईल असा. मीठ आठवणीने घातलं.

वाटी दिली, दार ओढलं. आज पूर्ण ओढलं नाही.

ह्यांनी आधी वाटीकडे बघितलं. मग एक छोटा धागा उचलून तोंडात ठेवला. लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबलं, डोळे गच्च मिटले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. तो धागा रुमालात काढला. मग उठले. भिंतीचा आधार घेत खिडकीपर्यंत गेले. पलंगापासून खिडकी चार पावलं, त्याला किती वेळ लागला! ग्रिलमधून हात बाहेर काढून एकेक तुकडा खाली सोडत होते. बोका ओरडला तर हळू म्हणाले, "थांब रे, घाई नको."

मी दार ढकललं.

ह्यांच्या बोटांना रस्सा लागला होता. तशीच बोटं वर धरून उभे राहिले.

"किती दिवस?"

"पहिल्यापासून."

"एकसुद्धा घास नाही?"

मान हलवली.

"मग ती एकोणतीस वर्षं?"

"खोटं," म्हणाले. "धोंडूचा डबा उघडला की मी गॅलरीत जायचो. मला वासच सहन होत नाही. अजूनही नाही."

म्हणजे जानकीबाई अक्षरन् अक्षर खरं बोलत होत्या आणि मी त्यांना चहासुद्धा न देता घालवलं. मी पलंगावर बसले. म्हटलं, "का? नुसतं का ते सांगा."

ह्यांनी एकेक शब्द काढला. "मला काहीच जात नाही गं. पाणीसुद्धा टोचतं. तू दर दोन तासांनी वाटी आणायचीस. आणखी एक घास, आणखी एक. तुझ्या हातचं नको म्हणवत नाही मला. वाटलं, मटण मागितलं की तू म्हणशील, माझ्या घरात असलं शिजणार नाही. मग मी म्हटलं असतं, दुसरं मला नको. संपलं असतं."

"आणि मी हो म्हटलं."

"तू हो म्हटलंस. तुझे ते हात बघितले, धुऊन धुऊन फाटलेले. मग तेही नको म्हणवेना."

माझं डोकं असं भणभणलं! हा माणूस असाच आहे. ह्यांना नको असेल तेव्हा हे नको म्हणत नाहीत, असं काहीतरी करतात की समोरचाच नाही म्हणेल. थोरल्या दिरांना, ऑफिसातल्या साहेबांना, सगळ्यांना असंच गुंडाळत आले. आणि आता मला!

मी ओरडले. आजारी माणसावर ओरडले. "म्हणजे नाही मी म्हणायचं! आणि उद्या तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर? शेवटी मागितलेलं एक मटण मी किळस येते म्हणून दिलं नाही, हे मी जन्मभर घेऊन बसायचं? एवढंही सुचलं नाही तुम्हाला? मला त्या बोकडाची आली नाही एवढी किळस आत्ता तुमची येतेय!"

हे रडायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलतात. "हे नाही आलं लक्षात," म्हणाले. "खरंच नाही आलं गं."

मी ओला टॉवेल आणून एकेक बोट पुसलं. रस्सा, तेल, सगळं. मग मी म्हटलं, "नको म्हणा."

"कशाला?"

"वरणभाताला. पेजेला. मला. कशालाही. तोंडाने म्हणा, मला ऐकायचंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ नुसते हलले.

"ऐकू नाही आलं."

"नको," म्हणाले. मग जरा जोराने, "नको, मृणाल."

नंतर दिवसभर मी वाटी घेऊन गेले नाही. संध्याकाळी दीप्तीकडे जाऊन खरं सांगितलं, दुपटं मागून घेतलं आणि धुऊन दिलं. जानकीबाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही.

शनिवार, २५ जानेवारी

हॉस्पिटलमध्ये वजन पंचेचाळीस किलो सहाशे. घरचा काटा बरोबर होता.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. मटण, बोका, छज्जा. तरुण आहेत, हसू दाबत होते, मग वजनाचा आकडा बघून ते आपोआप गेलं. म्हणाले, गिळणं जवळजवळ बंद झालंय, आता नळीशिवाय दिवस काढता येणार नाहीत. नळी घातली तर ताकद येईल, सूज उतरली तर दोन-तीन महिन्यांत काढताही येईल. येईलच असं नाही, पण येईल. मग ह्यांच्याकडे वळून जरा मोठ्याने विचारलं, "काय काका, घालू या ना नळी?"

"हो," हे म्हणाले.

लगेच म्हणाले. विचार न करता, माझ्याकडे बघून, जरासं हसून.

हा "हो" मला पाठ आहे. मीठ बरोबर आहे म्हणणारा, गुळाच्या पोळीचे चार चमचे संपवणारा. नर्सने फॉर्म पुढे सरकवला. बाण काढून दाखवला, नातेवाइकाची सही इथे.

मी परत विचारायला हवं होतं. एकच वाक्य, हे तुमचं आहे की माझ्यासाठी? हे माझ्या तोंडाकडेच बघत होते, विचारायची वाट बघत असल्यासारखे. आणि मला माहीत होतं, विचारलं तर ते काय म्हणतील. कालच शिकलेत म्हणायला.

मी विचारलं नाही. चष्मा लावला आणि बाण होता तिथे सही केली.